चार न उडालेली काडतुसं

"पन्नास द्या," सुभेदार म्हणाले आणि त्यांनी लायसन्सचं पुस्तक काउंटरवर ठेवलं.

मी पुस्तक उघडून पाहिलं. वर्षाला किती काडतुसं घ्यायची, एका वेळी किती जवळ ठेवायची, हे प्रत्येकाच्या लायसन्सवर लिहिलेलं असतं. सुभेदारांना पन्नास घेता येत होती. पण इतक्या वर्षांत त्यांनी एका वेळी दहाच्या वर कधी नेली नव्हती. मळ्यात रानडुकरं येतात, तेवढ्यापुरती न्यायचे.

सांगलीत आमचं बंदुकांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, मग मिस्टरांनी चालवलं. मिस्टर हार्ट अटॅकनं गेले तेव्हा लायसन्स माझ्या नावावर करून घेतलं. त्याला आता काही वर्षं झाली. निवडणूक आली की गर्दी होते, कारण लोकांना बंदुका जमा करायच्या असतात. एरवी दिवसाला एखादं गिऱ्हाईक. कधी तेही नाही. मुलगी बंगळुरात असते. मी सकाळी शटर उघडते, पेपर वाचते, बंदुकांना तेलाचं फडकं फिरवते, दुपारी डबा खाते. कुणाशी न बोलता पूर्ण दिवस गेलाय, असं आठवड्यातून दोनदा तरी होतं.

त्यामुळे सुभेदार आले की मला बरं वाटायचं. आष्ट्याच्या पलीकडे त्यांचा ऊस आहे. फौजेत पूर्ण नोकरी दारूगोळ्याच्या डेपोत झाली. मिस्टरांशी तासन्‌तास बोलत बसायचे. पुरानंतर मात्र ते आलेच नव्हते.

"पन्नास कशाला सुभेदार? डुकरं वाढली का?"

"डुकरांसाठी न्हाई. अडीनडीला. परत पूर आला तर."

"पुरात काडतुसं काय करणार?"

ते स्टुलावर बसले. खिशातून रुमाल काढला. रुमालाला गाठ होती. ती सोडून त्यांनी चार काडतुसं काचेवर उभी केली. लाल कागदी, बारा बोअरची. बारा बोअर म्हणजे आपल्याकडे शेतकऱ्याकडे असते ती साधी बंदूक.

मी एक उचलून उलटं केलं. बुडाच्या मधोमध खड्डा पडला होता. चारही काडतुसांना तसाच.

हे जरा समजावून सांगते. काडतूस म्हणजे एक नळी. बुडाला पितळ, पितळेच्या मधोमध छोटी टोपी. वर दारू, त्यावर बूच आणि सगळ्यात वर छरे. चाप ओढला की आतली पिन टोपीवर आपटते, ठिणगी पडते, दारू पेटते. टोपीला खड्डा आहे आणि छरे अजून आतच आहेत, याचा अर्थ पिन आपटली पण काडतूस उडालं नाही. याला आम्ही मिसफायर म्हणतो.

"कधी झालं हे?"

"पुरात. आमी दोघं गच्चीवर हुतो. मी आन्‌ मंडळी."

मंडळी म्हणजे त्यांची बायको. मी त्यांना एकदा पाहिलं होतं. बारीक, हसऱ्या, सतत पदर सावरणाऱ्या.

सुभेदार सावकाश सांगत होते. पाणी वाढलं तेव्हा वस्तीवरचे सगळे निघाले. हे दोघं म्हशी सोडून यायला थांबले आणि अडकले. घराचा खालचा मजला बुडाला. ते बंदूक आणि काडतुसांचा डबा घेऊन गच्चीवर गेले. बाईंना दमा होता. औषध खाली राहिलं होतं. पहिल्या दिवशी सुभेदारांनी हवेत एक बार काढला. तो उडाला, पण ऐकायला कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी दुपारी बोट आली.

"लांब हुती. मळ्याच्या त्या अंगाला. वरडलो, पण बोटीच्या इंजिनापुढं काय ऐकू जातंय. मंडळीची साडी हलवली. मग म्हटलं बार काढू. चार उरली हुती." त्यांनी पहिल्या काडतुसावर बोट ठेवलं. "टक. दुसरं घातलं. टक. चारीबी तशीच. बोट वळली आन्‌ दुसऱ्या वस्तीकडं गेली."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी सकाळी आली. सरकारी दवाखान्यात नेलं. तिसऱ्या दिवशी गेली ती. डॉक्टर म्हणाले, आधी आणली असती तरी सांगता आलं नसतं." त्यांनी काडतुसं एका ओळीत नीट लावली. "वैनी, माझी आख्खी नोकरी ॲम्युनिशन सांभाळण्यात गेली. कोरडं ठिवायचं, जुनं आधी वापरायचं, हे मी पोरांना शिकवायचो. आन्‌ माझ्याच घरातली चार खराब निघाली. मी कुठं चुकलो तेच समजंना."

मी काडतुसावरचा लॉट नंबर वाचला. लॉट म्हणजे कारखान्यात एकत्र बनलेला माल. तो नंबर मी लगेच ओळखला.

मिस्टर गेले त्या वर्षीची गोष्ट. काडतुसांचं लोखंडी कपाट मागच्या भिंतीला होतं. शेजारच्या इमारतीत नवं बाथरूम झालं आणि भिंतीत पाणी झिरपायला लागलं. मला कळलं नाही. मी वर्षभर त्याच कपाटातला माल विकला. पुढच्या दिवाळीला साफसफाई करताना पाठीमागचा पत्रा गंजलेला दिसला. खालच्या खणातल्या याच लॉटच्या काडतुसांचे कागद फुगले होते, पितळ हिरवं पडलं होतं. उरलेला माल मी नियमाप्रमाणे जमा केला. कपाट बदललं, भिंत दुरुस्त करून घेतली.

पण त्या लॉटमधला जो माल आधीच विकला होता, त्याचं मी काही केलं नाही. रजिस्टरमध्ये नऊ नावं होती. नऊ फोन केले असते तर झालं असतं. केले नाहीत. लोक म्हणतील, नवरा गेला आणि बाईला दुकान सांभाळता येईना. त्या भीतीनं मी गप्प बसले. पुढे ते विसरूनही गेले.

सुभेदारांना यातलं काही माहीत नव्हतं. मी नवी पन्नास काढून दिली असती तर ते घेऊन गेले असते. माझ्या मनात ते आलंही.

मी जुनं रजिस्टर काढलं. पान शोधलं. त्यांची सही होती.

"सुभेदार, तुम्ही कुठं चुकला नाहीत," मी म्हणाले. "हा माल इथंच खराब झाला होता." आणि भिंत, कपाट, नऊ नावं, सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

ते ऐकत राहिले. मग त्यांनी रजिस्टर आपल्याकडे फिरवलं आणि स्वतःची सही बघितली.

"तुमाला कळलं तवा पूर यायचा हुता का येऊन गेला हुता?"

"यायचा होता. आठ-नऊ महिने होते मधे."

"व्हय का."

मी चहा सांगू का, असं विचारणार होते, पण विचारवलं नाही.

"एक फोन करायचा हुता वैनी," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं.

"हो. करायचा होता."

रुमालाची घडी घालत ते म्हणाले, "मी रोज तो डबा बघायचो. माळ्यावर ठिवला हुता, तिथं वल आली आसंल का. चुलीची वाफ लागली आसंल का. दोन वर्सं हेच." त्यांनी लायसन्सचं पुस्तक उचललं. "आता ते बघाय लागणार न्हाई."

"नवीन माल देते. प्लॅस्टिकचा आहे, ओल लवकर धरत नाही. पण पन्नास नेऊ नका. पडून राहिली की तीही जुनी होतात. दहा न्या, दोन वर्षांनी बदला. आणि बोलावण्यासाठी बंदुकीवर राहू नका. शिट्टी ठेवा, मोठी बॅटरी ठेवा, पाणी वाढायच्या आधी निघा."

"आता कुणासाठी निघू," ते म्हणाले. तक्रार म्हणून नाही, साधा हिशेब सांगावा तसं. मग उठले. काही न घेता गेले. चारही काडतुसं काचेवरच राहिली.

त्याच दिवशी मी उरलेल्या आठ जणांचे नंबर जुन्या कागदांतून शोधून फोन लावले. तिघांनी माल कधीच वापरून संपवला होता. एकजण वारले होते, मुलानं बंदूक जमा केली होती. कोरेगावच्या एका गृहस्थांनी मला झापलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. तिघांनी काडतुसं परत आणून दिली. त्यातल्या दोघांच्या डब्यात पितळ हिरवं होतं. त्यांना बदलून दिली. परत आलेली आणि सुभेदारांची चार, सगळी पोलिसांकडे रीतसर जमा केली. पावती घेताना कारण लिहायचं असतं. मी लिहिलं, दुकानात ओल लागून खराब.

सुभेदार पुढच्या उन्हाळ्यात आले, बंदूक घेऊन. ती जमा करायची होती. लायसन्सही ते परत करणार होते. मी कागद भरले. ते स्टुलावर बसले नाहीत. सही केली, "बरंय वैनी," म्हणाले, आणि स्टँडच्या दिशेनं चालायला लागले. पुन्हा आले नाहीत. मी दोनदा फोन केला. एकदा उचलला. ठीक हाय म्हणाले आणि ठेवला.

काडतूस कधी बनलं, हे पेटीवर छापलेलं असतं. ते मधली वर्षं कुठं आणि कसं पडून होतं, हे छापलेलं नसतं. ते फक्त विकणाऱ्याला माहीत असतं. आता प्रत्येक लॉटच्या पानावर मी गिऱ्हाइकाच्या सहीशेजारी त्याचा फोन नंबर लिहून घेते, आणि दर पावसाळ्याआधी एकेकाला फोन करते. बहुतेक जण म्हणतात, सगळं कोरडं आहे. काही जण नंतर इकडचं तिकडचं बोलत राहतात. मीही लवकर ठेवत नाही.