वाट जाणणारं यंत्र

ब्रिस्टलहून पूल ओलांडून वेल्समध्ये शिरलो तेव्हा डोंगर स्वच्छ दिसत होते. गाडी आइला चालवत होती. ती फिनलंडची, माझी मुलगी सायली हिच्या ब्रिस्टलच्या ऑफिसात नुकतीच आलेली. मी भारतातून लेकीला भेटायला आले होते. पायथ्याच्या कॅफेत वेल्श केक (तव्यावर भाजलेली, मनुका घातलेली जाड बिस्किटं) खाऊन आम्ही चढायला लागलो.

उतरताना धुकं आलं. आधी समोरचा कडा दिसेनासा झाला, मग पायवाट. सायलीच्या फोनमध्ये नकाशा होता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. ओल्या गवतावर तिचा पाय घसरला, घोटा मुरगळला आणि हातातला फोन खाली दगडांत कुठेतरी गेला. आइलाच्या आणि माझ्या फोनला सिग्नल नव्हता.

"तुम्ही दोघी थांबा, मी मदत आणते," आइला म्हणाली.

"नको. मग तुलाही शोधावं लागेल. तिघी एकत्रच जाऊ." मी तिचा हात धरला.

सायलीला आम्ही दोन्हीकडून आधार दिला. पावलागणिक ती कण्हत होती. तिचं लक्ष वळवायला आइला बोलत राहिली. "आमच्याकडे कॉम्प्युटरला तिएतोकोने म्हणतात. तिएतो म्हणजे माहिती, कोने म्हणजे यंत्र. पण जाणणं यासाठीचा आमचा शब्द मुळात 'तिए'वरून आलाय. तिए म्हणजे वाट. ज्याला वाट ठाऊक, तो जाणता."

"म्हणजे आपण तिघीही अडाणी," सायली म्हणाली आणि हसता हसता रडायलाच लागली. मग मराठीत म्हणाली, "आई, मी रोज ऑल गुड म्हणते ना, तसं नाहीये गं. वीकेंडला कुणाशी एक शब्द बोलणं होत नाही. परत यावंसं वाटतं, आणि सांगायची लाज वाटते."

आइलाला शब्द कळले नाहीत, पण तिने सायलीला आणखी जवळ धरलं. मी काही बोलणार तेवढ्यात आइलाचा हात दगडी कुंपणाला लागला.

"हे शेताचं असणार. आता सोडायचं नाही," ती म्हणाली.

कुंपण चाचपत आम्ही उतरलो. किती वेळ, कोण जाणे. शेवटी फाटक लागलं, कुत्रं भुंकलं आणि गमबूट घातलेली एक शेतकरीण बाहेर आली. "चुकीच्या खोऱ्यात उतरलात, कॅरिअद (लाडके)," ती मला म्हणाली. तिनेच जीपने आम्हाला गाडीपाशी सोडलं.

परतताना सायली मागच्या सीटवर माझ्या खांद्याला टेकून बाकीचं सांगत होती. रोज संध्याकाळी स्क्रीनवर तिचा चेहरा पाहून मला वाटायचं, पोरीचं सगळं ठाऊक आहे. मी सल्ला दिला नाही, नुसती ऐकत राहिले.

ब्रिस्टलचे दिवे दिसू लागल्यावर तिने विचारलं, "बाबांना फोनवर सांगशील?"

"तूच सांग," मी म्हटलं. "मी शेजारी बसते."