भरलेल्या टाकीची चाचणी

टाकी रिकामी झाली की आमचं यंत्र खोटं बोलायचं. हे आम्हाला दुष्काळानंच दाखवून दिलं. बिडकीनकडच्या एका नव्या गृहसंकुलातून फोन आला की तुमचा मीटर अर्धी टाकी दाखवतोय आणि नळाला थेंब नाही.

मी तेव्हा छावणीच्या बाजूला एका छोट्या कारखान्यात कामाला होतो. पाण्याच्या टाकीत किती पाणी आहे ते सांगणारी यंत्रं आम्ही बनवायचो. झाकणाला आतून सेन्सर बसवायचा. तो आवाज सोडतो, आवाज पाण्यावर आपटून परत येतो, आणि त्याला लागलेल्या वेळेवरून पाणी किती खोल आहे ते कळतं. शहर चहूकडं वाढत होतं, रोज नवी इमारत, प्रत्येकीवर नवी टाकी. टाक्या वाढत होत्या, पाणी नव्हतं.

मालकांनी मला घेतलं तेव्हा माझ्याजवळ गंगापूर तालुक्यातल्या शाळेचं मराठी, एका आडबाजूच्या कॉलेजची पदवी आणि अडखळतं इंग्रजी होतं. घरात पदवी घेतलेला मी पहिलाच. बऱ्याच कंपन्यांनी माझं इंग्रजी ऐकून परत पाठवलं होतं. मालक म्हणाले, "इंग्रजीचं काय लोणचं घालायचंय? काम येतं का तेवढं सांग." त्या दिवसापासून ते मला 'राजे' म्हणायचे. राजे, चहा घे. राजे, जेवला का? त्यांचे उपकार मी आजही मानतो. पुढचं सगळं जड गेलं ते त्यामुळंच.

आमच्या यंत्रातला संगणक एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायचा. तिचा गाभा, म्हणजे कर्नेल, जगभरातले लोक मिळून लिहितात. सेन्सर चालवणारा भागही त्यातलाच, कुणीतरी कधीतरी लिहून ठेवलेला. मी तो वाचत बसलो आणि चूक सापडली. टाकी फार रिकामी असली तर आवाज परत यायला उशीर होतो. प्रोग्राम तेवढा वेळ थांबत नव्हता, आणि काही ऐकू आलं नाही तर गुपचूप आधीचाच आकडा पुन्हा सांगत होता. ज्यानं हे लिहिलं त्यानं इतकी रिकामी टाकी बहुधा पाहिलीच नसावी.

मी थांबण्याची वेळ वाढवली आणि उत्तर आलं नाही तर तसं स्पष्ट सांगायची सोय केली. आमच्या यंत्रापुरतं ते पुरलं असतं. पण गृहसंकुलाचा इंजिनियर म्हणाला, "तुमची घरगुती दुरुस्ती नको. पुढचा अपडेट आला की ती पुसली जाईल. मूळ कर्नेलमध्ये येऊ द्या, मग सगळ्या इमारतींचं काम तुम्हालाच."

कर्नेलमध्ये बदल पाठवायचा तो साध्या ईमेलनं, सगळ्यांसमोर. मी सुरुवात केली 'आदरणीय सर' अशी. उत्तर आलं की मी सर नाही, बाई आहे, आणि नुसतं नाव चालेल. वयानं मोठ्या बाईंना नुसत्या नावानं हाक मारणं मला जमेना. पुढची सगळी पत्रं मी कुणालाच न उद्देशता लिहिली. बाई सेन्सर चालवणाऱ्या त्या भागाची जबाबदारी सांभाळत होत्या. बदलासोबतच्या माहितीच्या दस्तऐवजात मी एक वाक्य घातलं होतं, की टाकी दीर्घकाळ जवळजवळ रिकामी राहत असेल तिथं 'उत्तर आलं नाही' या सूचनेकडं लक्ष द्यावं. त्यांनी विचारलं, "टाकी इतकी रिकामी का ठेवता?" मी दुष्काळाचं, टँकरनं येणाऱ्या पाण्याचं सगळं लिहिलं. त्यांनी लिहिलं, "वाक्य राहू द्या."

पण त्यांचा दुसरा प्रश्न होता. थांबण्याची वेळ वाढवल्यावर टाकी काठोकाठ भरलेली असताना काय होतं? पाणी जवळ असलं की आवाज झाकण आणि पाणी यांच्यात घुमत राहतो, तो पुढच्या मापात मिसळला तर? भरलेल्या टाकीवर तपासलं का?

शेडवरची आमची टाकी त्या वर्षात अर्ध्याच्या वर कधी गेली नव्हती. एक टाकी भरायला अख्ख्या गल्लीचं पाणी लागलं असतं. मालकांनी टँकरवाल्याला विचारून पाहिलं. तो हसत सुटला. "शेठ, नापने के वास्ते पानी? पहले लोगां को पीने तो दो." मग मी जवळ आलेल्या पाण्याऐवजी सेन्सरखाली स्टीलची परात धरून तपासलं आणि तसंच लिहिलं. बाईंचं उत्तर आलं, "छान, पण परात हलत नाही, पाणी हलतं."

मालक माझ्यामागं येऊन उभे राहिले.

"काय म्हणती बाई?"

"भरलेल्या टाकीवर तपासलं का विचारतात."

"मग लिही की, तपासलं."

"तपासलं नाही ना."

"राजे, ती काय छावणीत येऊन टाकीत डोकावणार हाय का? लई तर लई काय होईल?"

"कुठंतरी भरलेली टाकी रिकामी दाखवेल."

"इथं भरलेली टाकी हाय कुणाकडं?" ते हसले. मग हसू गेलं. "इमारती हातच्या जातील. लिहिणार का नाय?"

कर्नेल लिहिणाऱ्या लोकांच्या रिवाजाप्रमाणं बदलाखाली स्वतःचं खरं नाव लिहावं लागतं, आणि ज्यानं तपासलं त्याचं नाव वेगळ्या ओळीत. ती ओळ वाचून अनोळखी माणसं आपल्या यंत्रात तो बदल घेतात. बिडकीनकडचं संकुल डोळ्यांसमोरच होतं, आकड्यावर विश्वास ठेवून कोरड्या नळाशी बसलेलं. मी लिहिलं, "अर्ध्या टाकीपर्यंत तपासलं आहे. पूर्ण भरलेली टाकी इथं उपलब्ध नाही."

मालक ते वाचून बाहेर गेले.

बदल थांबला. संकुलाचं काम दुसऱ्याकडं गेलं. मालकांनी मला काढलं नाही, पगारही वेळेवर दिला. फक्त दुसऱ्या दिवसापासून मी 'साहेब' झालो. "साहेब, चहा घ्या." माझं काय चुकलं हे त्यांनी सांगितलं असतं तर मी निदान भांडलो तरी असतो.

बऱ्याच महिन्यांनी कुठल्याशा थंड देशातल्या एका शेतकऱ्यानं त्याच्या भरलेल्या टाकीवर माझा बदल तपासला आणि खाली स्वतःच्या नावाची ओळ घातली. आकडे बरोबर होते. बदल कर्नेलमध्ये गेला, दस्तऐवजातल्या माझ्या वाक्यासकट. आनंद झाला, पण तो सांगावासा वाटला तो मालकांनाच.

ते शेडमध्ये पाना घेऊन बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"भरलेली होती व्हय त्याची टाकी?"

"हो. काठोकाठ."

"मग त्याला खरं लिहायला काय लागतं?" पाना पुसत ते म्हणाले. मला वाटलं, आता तरी राजे म्हणतील. त्यांनी पाना खुंटीला अडकवला, चपला घातल्या आणि दारातून वळून म्हणाले, "कुलूप तेवढं तुम्ही लावा, साहेब."