कोपरा फाटलेलं पत्र

माझी घाई सगळ्या उचगावाला ठाऊक होती. "उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तशी आमची सून," असं सासूबाई येईल त्याला सांगायच्या. एकदा मात्र मी कहरच केला.

त्या काळी दर महिन्याला आमच्याकडं एक चिनी रेशीमवाला यायचा. सायकलवर कापडाचं गाठोडं, तोंडात आमचंच बोलणं. खानापुरापर्यंतची खेडी फिरून मराठी शिकलेला. मला आक्का म्हणायचा. त्याचं गाव अमॉय. सोप्यात जोंधळे पसरून त्यानं एकदा ते दाखवलं. मधे बेट, भोवती समुद्र, पलीकडं डोंगर.

"जमीन लई थोडी, आक्का. म्हणून गडी गलबतात बसतो. सिंगापूर, रंगून, जिथं पोट भरंल तिथं." बाहेर गेलेल्यांच्या कमाईवर तिथं खाली दुकान, वर माडी अशी घरं उठली होती, आणि त्यांत राहायला बायका नि म्हातारी माणसं.

"मग आमच्या पोरांवाणीच की! ती मुंबईला गिरणीत जात्यात," सासूबाई म्हणाल्या.

बेळगावातली त्याची खोली सारखी बदलायची, म्हणून त्यानं आईला आमचा पत्ता कळवला होता. मग तिकडं लढाई पेटली आणि पत्रं थांबली. दोन वर्षं आला की पहिला प्रश्न एकच, "आक्का, पत्र?" मी "न्हाय रं" म्हणायची. म्हातारी आहे की गेली, तेच त्याला कळेना. मला लई वाईट वाटायचं.

आणि एक दिवस पत्र आलं. कोपरा फाटलेलं! आमच्याकडं मयताचं पत्र कोपरा फाडून धाडतात, ते घरात घेत नाहीत. पत्र गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलं आणि सासूबाईंना सांगितलं. त्यांनी डोळ्याला पदर लावला.

"आला की आधी जेवू दे त्याला. कळल्यावर घास उतरायचा न्हाय."

चार दिवसांनी तो आला. त्यानं विचारायच्या आत मी पाट मांडला. पुरणपोळी, वर तुपाची धार. "आज सण हाय व्हय?" म्हणत त्यानं चार पोळ्या हाणल्या. सासूबाई नाक ओढत वाढत होत्या. हात धुवायला तो परड्यात गेला. आता सांगायचं होतं. मयत कळल्यावर आंघोळ करायची असते. मी ती आधीच उरकली, भरलेली घागर त्याच्या डोक्यावर ओतली!

"आक्का! याड लागलं व्हय?"

मी रडतच गोठ्यातलं पत्र आणून पुढं केलं. लखोट्यावर मधोमध उभा तांबडा पट्टा होता. तो बघून गडी असा हसला, की म्हैस दचकून उठली.

"तांबडं हाय गं! कुणी मेलं तर आमच्यात तांबडं घालत न्हाईत. वाटंत फाटलंय हे!"

मी कपाळावर हात मारला. सासूबाईंनी माझा जो उद्धार केला, तो इथं लिहिण्यासारखा नाही. मग आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

त्यानं लखोटा फोडला. वाचता वाचता मटकन खाली बसला आणि हुंदके देऊन रडायला लागला.

"अरं, जित्ती हाय न्हवं आई तुझी?" मी घाबरून विचारलं.

"व्हय, आक्का. पर दोन वर्सांत माझं एकबी पत्र तिला पोचलं न्हाय. तिनं विचारलंय, मी जित्ता हाय का म्हणून."

सासूबाई उठल्या. दौत-टाक आणून त्याच्यापुढं ठेवला.

"अंग मागाहून पूस. आधी लिही."