नानाजींच्या फोटोतला तो हात

नानाजी गेले. फार उशीर केला.

सकाळपासून गावच्या ग्रुपवर फुलं आणि रडके चेहरे चाललेत. चौकात बॅनरही लागलंय, 'व्यसनमुक्तीचा दीपस्तंभ हरपला'. फेटा छान दिसतोय.

फोटो भजनी मंडळाच्या जुन्या ग्रुप फोटोतून कापून घेतलाय. डाव्या कोपऱ्यात एक हात राहून गेलाय. हातात ओलं फडकं.

सकाळपासून पोरं विचारतायत, हा हात कोणाचा?

माझ्या बाबांचा.

आणि ते फडकं चिलमीचं आहे. दीपस्तंभाच्या हातातली चिलीम तेवढी क्रॉप केलीये.

आता नीट सांगते.

आमचं गाव हायवेवरच्या जामपासून जवळ. माझे बाबा, वामन, नानाजींच्या पिठाच्या चक्कीवर दळण दळायचे. दर गुरुवारी देवळात नानाजींचं भजन. भजनापेक्षा मधला ब्रेक मोठा. गांजा हायवेच्या ट्रकवाल्यांकडून यायचा. नानाजी म्हणायचे, "हा त महादेवाचा प्रसाद हाय बाप्पा."

चिलीम भरायचे बाबा. फडकं भिजवायचे, पिळायचे, चिलमीला गुंडाळून द्यायचे. स्वतः एक झुरका नाही. चक्कीच्या पिठानं छाती आधीच भरलेली, धुराचा ठसका लागायचा. गाणंही यायचं नाही, टाळ चुकायचा. चार लोकांत बसायला मिळतं एवढ्यावरच खूश.

भोळा माणूस. मला त्याचाही राग येतो.

जिल्ह्यात दारूबंदी आली तशी गावात एक पद्धत पडली होती. पोलीस ठाण्याला अधूनमधून केस दाखवावी लागायची. शिपाई निरोप द्यायचा, गाव पाळीनं एक माणूस द्यायचं, सोबत एक बाटली. माणूस सकाळी जायचा, दंड भरून संध्याकाळी जेवायला घरी. कोणाला त्यात लाज नव्हती.

मग पंच्याऐंशीत ड्रग्जचा नवा कायदा आला. दिल्लीत बरीच चर्चा झाली असेल. आमच्या देवळात झाली नाही.

काही महिन्यांनी निरोप आला. या वेळी दारू नको, गांजाची केस पाहिजे.

देवळात मीटिंग बसली. आई मला घेऊन दाराशी उभी होती, म्हणून हे मी माझ्या कानांनी ऐकलंय.

नानाजी म्हणाले, "वामन्या, तू जाय. तुले सवय नाई. आमी अंदर गेलो त चिलमीबिगर तडफडून मरून जाऊ. तुले काय तरास?"

सगळ्यांना पटलं. जो पीत नाही त्यानं आत जावं, कारण त्याला सोसेल. काय डोकी होती एकेकाची!

आई म्हणाली, "पेता तुमी, अन् माह्या नवऱ्यानं काऊन जाव?"

नानाजी तिच्याकडे न बघता बोलले, "वामन्याले उद्यापासून चक्कीवर याचं हाय का नाई, इचारून घे."

बाबा उठले. आईला म्हणाले, "जाऊ दे वं. संध्याकाळी येतो न मी."

आणि मग या शहाण्यांनी कमाल केली. आपल्या घराची झडती नको म्हणून प्रत्येकानं आपापली पुडी आणली आणि सगळा माल एकाच डालड्याच्या डब्यात ओतला. डबा काठोकाठ. केस भारी दिसली पाहिजे ना! तो डबा बाबांच्या हातात दिला.

एक पुडी सापडली असती तर ओढणारा म्हणून थोडक्यात भागलं असतं. भरलेला डबा म्हणजे विकणारा. नव्या कायद्यात या दोघांत केवढा फरक आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी आईनं बाबांचं ताट झाकून ठेवलं.

बाबा तीन वर्षांनी आले.

वकील म्हणाला, स्वस्तात सुटले, पाचही झाली असती. नानाजी कोर्टात एकदाही फिरकले नाहीत.

इतकी वर्षं चिलीम भरून जे लागलं नव्हतं, ते बाबांना जेलात लागलं. तिथे झोप मिळत नव्हती, गांजा मिळत होता.

पहिल्याच गुरुवारी धुतलेलं धोतर नेसून ते देवळात गेले. मी सोबत होते. मधल्या काळात केसच्या धाकानं मंडळानं चिलीम सोडली होती. भिंतीवर पाटी होती, 'नशा करणाऱ्यास भजनात बसण्यास मनाई'.

नानाजी दारातच म्हणाले, "वामन्या, तुह्या तोंडाले वास येऊन राह्यला. भायेर बस. मंडळाचं नाव खराब होते."

बाबा बाहेर पायरीवर बसले. आतला टाळ ऐकत. तोवर चक्कीवरही त्यांच्या जागी दुसरा माणूस आला होता.

पुढच्या वर्षी नानाजी आमच्या शाळेत व्यसनमुक्तीवर बोलायला आले. स्वागताचा हार गुरुजींनी मला घालायला लावला.

नानाजी म्हणाले, "पोट्टेहो, गांजा माणसाचं काय करते पाहाचं असन त देवळाच्या पायरीवर जाऊन पाहा."

सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघत होता. मग टाळ्या पडल्या.

काही वर्षांनी बाबांनी त्याच पायरीवर जीव सोडला. लोक म्हणाले, गांजेकस वामन्या सुटला.

ग्रुपवर आज काही जण लिहितायत, कायदा अजून कडक करा. काही म्हणतात, सैल करा. करा काय करायचं ते. मी एवढंच पाहिलंय, कायदा कडक झाला की गाव आधी आपल्यातला सगळ्यात मऊ माणूस शोधतं.

माझे बाबा गांजेकस नव्हते. तुम्ही सगळ्यांनी मिळून त्यांना तसं केलंत.

हे मी गेल्या दिवाळीत नानाजींच्या तोंडावर बोलले. ते खुर्चीत बसून पोराला कुठलं वावर कोणाच्या नावावर आहे ते घडाघडा सांगत होते. माझं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाले, "कोन वामन्या?"

बॅनरवाल्या पोरांनो, तेरवीच्या पत्रिकेत हाच फोटो वापराल, तेव्हा तो हात नीट कापून टाका. त्या हातानं नानाजींची भरपूर सेवा करून झालीये.

नानाजी, या आता.

वर चिलीम लागली, तर तुमची तुम्ही भरा.