मुशीच्या तेलाचा वास

मुशीचे तेल खवटले की त्याचा वास नाकात थांबत नाही, जिभेच्या मुळाशी उतरतो : सडकी मासळी, गंजलेले लोखंड, ओला चुना… दीड महिन्यापूर्वी माझे थोरले बंधू अण्णा गेले. भेटायला आलेल्या बायका नाकाला पदर लावून म्हणाल्या, "शी! या बाटल्या अजून ठेवल्यात?" मला त्या पदरांचीच किळस आली.

अण्णा रेवदंड्यात शाळामास्तर. तरुणपणी प्रयोगशाळेत जहाल वायू हुंगला गेला आणि त्यांना वास येणे कायमचे थांबले. स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत दवाखान्यात अशक्त मुलांना मुशीच्या, म्हणजे शार्क माशाच्या, यकृताचे तेल पाजत. ते लवकर खवटे, मुले ओकत. आई तूप कढवताना विड्याचे पान घाली आणि ते तूप टिके, हे अण्णांना आठवले. पानात फिनॉल जातीची झोंबरी द्रव्ये असतात. हवा आधी त्यांना खाईल, तेल वाचेल, असा त्यांचा तर्क. आधी त्यांनी हिरड्याचा अर्क घालून पाहिला; तो तेलात मिसळेना, तळाशी काळा बसला. चौलच्या वाडीतल्या विड्याच्या पानांचा मात्र मिसळला.

नाक माझे. रोज सकाळी बूच काढून अण्णा बाटली माझ्यापुढे धरत. ताजे की खवट ते मी सांगे, मग परसात जाऊन ओके. मोगऱ्यावर ओळी रचणाऱ्या बाईचे हे नाक! यकृते आणणारी चंद्रीबाई कोळीण हसे, "वो ताय, तोंड कशाला वाकडं? पोरांना पाजायचं हाय, देवाला न्हाय!"

दुसऱ्या महिन्यात पानाच्या बाटलीला खवटपणाची बारीक कड आली. अण्णांचा चेहरा आशेने इतका उजळला होता, की मी म्हटले, "ताजे आहे." तेल दवाखान्यात गेले. संध्याकाळी चंद्रीबाई नातीचे ओकारीने भिजलेले झबले घेऊन दारात उभी. "मास्तर, पोर निळी पडली व्हती!"

वास मला कळला होता, हे मी तिच्यासमोरच कबूल केले. स्वतःच्या जिभेची त्या दिवशी आली तशी शिसारी मला कुठल्याच तेलाची आली नाही. झबले अण्णांनी स्वतः धुतले, अर्क वाढवून नवी बाटली भरली. ती टिकली, पोर सावरली, पुढे तेच तेल प्याली.

त्या तेलाची शेवटची भरलेली बाटली फडताळात आहे. मी सकाळी बूच काढते आणि नाक मागे घेत नाही. झबले धुतल्याच्या दुसऱ्या सकाळी वाटले होते, अण्णा आता दुसरे नाक शोधतील. त्यांनी बाटली नेहमीसारखी माझ्यापुढेच धरली आणि म्हणाले, "सांग."