चिखल चोळणाऱ्याचं नाव

टर्टल फोर्डच्या बेसबॉल मैदानात शिरलं की डाव्या हाताला एक पांढरी भिंत लागते. तिच्यावर हातभर निळ्या अक्षरांत लिहिलंय, 'नवा चेंडू नव्या जावयासारखा असतो. थोडा चिखल चोळल्याशिवाय हातात राहत नाही.' खाली नाव : रॉस टिलमन, मॅनेजर. सव्वीस वर्षं मी इथली अधिकृत गुणलेखिका आहे, धावा आणि खेळाडूंच्या चुका वहीत लिहिते; आता प्रत्येक सामन्याला त्या भिंतीसमोरून जावं लागतं, आणि मी तोंड फिरवून जाते.

टिलमनने जन्मात चिखलाला हात लावलेला नाही. आणि त्याला जावई नाही. मुलगीच नाही तर जावई येणार कुठून, लग्नच केलं नाही बाबाने. अख्ख्या गावाने ती भिंत वाचली, लोक पोट धरधरून हसले, तिच्यासमोर फोटो काढले, आणि एकाच्याही टाळक्यात हे आलं नाही.

ते वाक्य ओडेल प्रोहास्काचं. ओडेलला तीन मुली, तीन जावई, आणि तिघांनाही त्याने आपल्या परीने चोळून घेतलेलं. बॅजर्स संघाचे कपडे त्याने एकतीस वर्षं धुतले. शिवाय सामन्याआधी पाच डझन कोरे चेंडू घेऊन तो धुण्याच्या खोलीबाहेर बसायचा आणि ओढ्यातला चिखल कालवून एकेक चेंडू चोळायचा. चकाकी उतरली नाही तर चेंडू तो टाकणाऱ्या पिचरच्या बोटांतून सटकतो. हे काम कुणाला दिसत नाही. दिसलं तरी घाणेरडं वाटतं.

बोलायचा मान खाली घालून, हातातलं काम न थांबवता. आमच्या जाड्या कॅचरबद्दल म्हणाला होता, "हा धावला की याची सावली आधी पोचते आणि तीच बाद होते." एका उन्हाळ्यात बॅजर्सनी लागोपाठ नऊ सामने जिंकले. मोजे धुतले तर नशीब धुतलं जाईल म्हणून पोरं मोजे देईनात. कपडे बदलायच्या खोलीत नाक धरून जावं लागे, शी! ओडेल दारातूनच म्हणाला, "मोजेच जिंकतायत ना? मग पगारही मोज्यांनाच द्या."

असलं काही त्याने म्हटलं की मी गुणवहीच्या समासात टिपून ठेवायचे. पुढे त्याच्या नावाचं पहिलं अक्षर, एक गोल 'O'. बस.

आणि गावाच्या साप्ताहिकात ते सगळं छापून यायचं टिलमनच्या नावावर. टिलमन आयत्या बिळावरचा नागोबा. त्याने एकदाही 'हे माझं नाही' म्हटलं नाही. व्यापारी मंडळाच्या जेवणावळीत उभा राहून तीच वाक्यं ऐकवायचा, तीही शेवट चुकवून, आणि लोक टाळ्या वाजवायचे. ओडेल त्याच जेवणावळीचे टेबलक्लॉथ धुवायचा.

गेल्या वसंतात ओडेल निवृत्त व्हायला निघाला. त्याच सुमारास भिंत रंगवून तिच्यावर ते जावयाचं वाक्य लिहायचं ठरलं. तो एक दिवस माझ्याकडे आला, टोपी हातात.

"वर्ना, त्या भिंतीवर माझं नाव येईल का गं? मोठ्या अक्षरांत नको. माझ्या लेकीने, लुसिलने, पोरांना सांगून ठेवलंय की आजोबांचं वाक्य लागणार आहे. ती सगळी येतायत."

एकतीस वर्षांत त्याने कुणाकडे काही मागितल्याचं मला आठवत नाही. मी चौदा वह्या खोक्यात घातल्या आणि मैदान समितीपुढे नेऊन आपटल्या. अध्यक्ष हार्लन व्हीट, त्याचं बियाण्यांचं दुकान आहे. त्याने चष्मा लावून पानं उलटली.

"हे काय आहे, वर्ना?"

"ओडेलचा O."

"मला तर शून्य दिसतंय. तुझी वही शून्यांनी भरलीय, बाई. या पानावर चाळीस तरी असतील. यातलं ओडेल कुठलं आणि शून्य कुठलं?"

सगळे खो खो हसले. वर तो म्हणाला, समासातलं काही अधिकृत नसतं. मला त्यांची किळस आली. पण खोकं उचलून घरी येताना माझ्या मनात भलतंच घोळत होतं.

भिंतीवरचा पडदा उघडला त्या दिवशी टिलमनने भाषण ठोकलं. ओडेल मागे उभा होता, लुसिल आणि तिची पोरं त्याच्या शेजारी. धाकट्या नातीने विचारलं, "आजोबा, तुमचं कुठलं?" तो म्हणाला, "अक्षरांखालचा चुना दिसतोय ना, तो." आणि चेंडू चोळायला निघून गेला. मी मागोमाग गेले.

"ओडेल, हे माझ्यामुळे झालं," मी म्हटलं. "जावयाचं वाक्य तू बोललास तेव्हा आठवा डाव चालला होता. साप्ताहिकवाला धावत वर माझ्या खोलीत आला, कोण बोललं ते विचारायला. माझं लक्ष खेळात, तोंडात खोडरबर. मी नुसती पेन्सिल रोखली खाली संघाच्या बाकाकडे. त्याला तिथे टिलमन दिसला. अंक आल्यावर मला कळलं. तिथून पुढे तुझं सगळंच त्याच्या नावावर जायला लागलं. चौदा वर्षं मी मूग गिळून बसले. दुसऱ्यांच्या चुका लिहिण्यात हयात गेली, आणि स्वतःची लिहिली नाही."

त्याने चेंडू फिरवून पाहिला. "मला माहितीय. तू पेन्सिल रोखलीस तेव्हा मी टॉवेल उचलायला वाकलो होतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू चांगली लिहितेस. वाटलं, कधीतरी दुरुस्त करशील." मग नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "तुझ्या वहीत नाव यायला माणसाने एक तरी चूक करायला हवी. मी कपडेच धुतले."

मला कुणी थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. मी वर गेले. त्या दिवशीच्या पानावर, समासात नाही, चुकांच्या रकान्यात, पेन्सिलीने नाही, शाईने लिहिलं : 'चूक, ओडेल प्रोहास्का. टॉवेल उचलायला वाकला.' त्याखाली : 'चूक, वर्ना ह्रुस्का. पेन्सिल.'

प्रत्येक सामन्याचं पान स्पर्धा चालवणाऱ्या लीगच्या कचेरीत जातं. दहा दिवसांनी तिथून ते पान परत आलं. सोबत चिठ्ठी : या नावांचे खेळाडू यादीत नाहीत, नोंद खोडून पाठवावी.

मी पान घेऊन धुण्याच्या खोलीत गेले. त्याचा शेवटचा आठवडा होता. त्याने हात पुसले, तरी पानाच्या कडेला चिखलाचं बोट उठलंच. बराच वेळ वाचत राहिला.

"स्पेलिंग बरोबर आहे," तो म्हणाला.

मी ते पान काहीही न खोडता, त्या बोटासकट, परत पाठवलं.