खिडकीतून टाकलेला रुमाल

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, एका रविवारी दुपारी, ताईच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, मला आणि ताईला सुरगाण्याला तिच्या दारात सोडले. चहा घेतला आणि तासाभरात तो गाडी घेऊन पुण्याला निघून गेला. मी मार्चच्या मध्यापर्यंत तिथे राहिले.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिची सगळी नोकरी त्या तालुक्यातल्या आश्रमशाळांमध्ये झाली. निवृत्तीनंतरही ती तिथेच राहिली. यजमान गेल्यावर एकटी राहू लागली. दिवाळीनंतर न्हाणीत पाय घसरून तिचा खुबा मोडला. ऑपरेशन नाशिकला झाले, पुढचे दिवस तिथल्या दवाखान्यातच गेले. डॉक्टरांनी प्रवासाची परवानगी दिल्यावर तिने पहिली गोष्ट विचारली ती घरी कधी जायचे, आणि घर म्हणजे सुरगाणा. भाच्याने तिला मागच्या सीटवर उशा लावून नेले. सोबतीला म्हणून मला नेले.

निघताना तो फाटकाशी थांबला. म्हणाला, ‘मावशी, मार्चमध्ये तपासणीला नाशकात आणायचंच आहे. तेव्हा तिला तुझ्याकडेच ठेवून घे. तोवर तयार कर तिला. माझं ऐकत नाही ती.’

नाशकात द्वारका चौकाजवळच्या माझ्या फ्लॅटमध्ये आईची खोली दोन वर्षांपासून रिकामी होती. निघण्यापूर्वी मी तिथल्या बाथरूममध्ये भिंतीला आधाराची दांडी बसवून घेतली होती. ताईने यावे असे भाच्याला वाटत होते. मला ते त्याच्याहून जास्त वाटत होते. हे मी त्याला सांगितले नाही.

मी गेले होते ताईचे करायला. पण करण्यासारखे काही नव्हते. शेजारीण, जी पूर्वी ताईच्या शाळेत स्वयंपाकाला होती, सकाळी येऊन तिला आंघोळ घाली, नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, भाकरी थापी, पायाचे व्यायाम करून घेई. मी केरसुणी उचलली की ती हातातून काढून घेई. ‘धाकल्या बाई, तुमी बसा.’ ताईला सगळे बाई म्हणत, म्हणून मी धाकल्या बाई. दुपारी ताईचे जुने विद्यार्थी येत. त्यातले काही आता स्वतः शिक्षक होते, एक बाई अंगणवाडीत होती. ते ओट्यावर बसत आणि ताईशी तिथल्या कोकणा आदिवासींच्या बोलीत बोलत. ताई त्यांच्याशी तसेच बोले. मला निम्मे कळे. हसण्याचे कारण बहुधा उरलेल्या निम्म्यात असे. कोणी माझ्याकडे पाहिले की मीही हसत असे.

मोबाइलला घरात रेंज नव्हती. पाण्याच्या टाकीच्या पायरीवर ती मिळे. गाडी नव्हती, असती तरी मला चालवता येत नाही. गाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालायला फार वेळ लागत नाही. पहिल्या आठवड्यात मी ते सगळ्या बाजूंनी चालून पाहिले. दुसऱ्या आठवड्यापासून मी रोज सकाळी एसटी स्टँडवर जाऊ लागले, कारण वर्तमानपत्र तिथे येई.

नाशिकहून येणाऱ्या गाडीतून गठ्ठा उतरे आणि चहाच्या टपरीवर सुटे. ती डाक आवृत्ती असे. लांबच्या तालुक्यांसाठी जी आवृत्ती सगळ्यात आधी छापून काढतात, तिला डाक म्हणतात. ती संध्याकाळीच बंद होते. त्यानंतर शहरात जे घडते ते त्या गावांना एक दिवस उशिरा कळते. मी वर्तमानपत्रातल्या नोकरीची बरीच वर्षे त्या आवृत्तीची पाने लावली होती. ती कुठे पोचते ते मी कधी पाहिले नव्हते. आता बाकावर बसून मी ती पहिल्या पानापासून निविदांपर्यंत वाचत असे. मग चहा. मग समोरून गाड्या सुटताना बघणे.

नाशिकची गाडी फलाटाला लागायच्या आतच लोक तिच्या बरोबर धावत आणि खिडकीतून रुमाल, पिशवी, टोपी, जे हाताला येईल ते सीटवर टाकत. वस्तू पडली की जागा धरली गेली. मग दारातल्या गर्दीतून सावकाश चढायचे. एकदा एक म्हातारी माझ्यापाशी आली. डोळ्यांच्या दवाखान्यात चालली होती.

‘बाई, तुमी उंच हायेत. माझ्यासाठी टाका ना काहीतरी.’

माझ्या हातात वर्तमानपत्र होते. तेच मी टाकले. म्हातारी आत पोचली तेव्हा त्या सीटवर एक माणूस बसून ते वाचत होता. उठायला तयार नव्हता. ‘पेपरनं काय जागा धरत्यात का आजी?’ तो म्हणाला, आणि आसपासच्यांनी त्याचीच बाजू घेतली. रुमालाला मान होता, पिशवीला होता, चपलेलाही होता. वर्तमानपत्राला नव्हता. कंडक्टरने शेवटी म्हातारीला पुढे बसवले. माझा अंक त्या माणसाबरोबरच गेला.

दुसऱ्या दिवसापासून मी दोन मोठे रुमाल घेऊन जाऊ लागले. महिनाभरात मला गाडीचा वेग आणि खिडक्यांच्या काचांचा अंदाज आला. काठीवाले, पोटुशी बायका, लेकरे कडेवर घेतलेल्या, माझ्या बाकाशेजारी येऊन उभे राहत. जागेवर बसल्यावर ते रुमाल खिडकीतून परत देत. गाडी गेली की मी घरी येई. त्यानंतर दिवसभर काही नसे.

भाच्याचा फोन रविवारी येई. मी टाकीच्या पायरीवर बसून घेई.

‘झालं का बोलणं, मावशी?’

‘अजून नाही.’

‘अगं, मग दिवसभर करतेस काय?’

‘स्टँडवर जाते.’

मग त्याने विचारले की माझी तब्येत बरी आहे ना.

बोलणे मी काढत नव्हते असे नाही. ताई ते वळवत असे. एकदा म्हणाली, ‘नाशकात मी काय करू गं दिवसभर?’

‘मी इथे काय करते?’

‘तू रुमाल टाकतेस,’ ती म्हणाली. ‘चांगलं नाव झालंय तुझं.’

तपासणीच्या दोन दिवस आधी मी स्टँडवरच्या कंट्रोल रूममध्ये गेले. काठी घेऊन चालणाऱ्या बाईसाठी पुढची जागा राखता येईल का, असे विचारले. तिथल्या साहेबांनी विचारले, ‘आपल्या बाईंसाठी? आणि परतीचं?’ मी सांगितले की परतीचे अजून ठरलेले नाही. तेव्हा तेच खरे होते.

दुपारपर्यंत ते बोलणे गावात पोचले आणि पोचेपर्यंत बदलले. ओट्यावर माणसे यायला लागली. कोणी नागलीचे पीठ आणले, कोणी उडीद. एका जुन्या विद्यार्थ्याने बोरगावहून स्ट्रॉबेरीचा खोका आणला होता. अंगणवाडीतली बाई आल्या आल्या ताईच्या पाया पडली आणि रडू लागली.

‘बाई, चालल्या म्हणं कायमच्या?’

ताई खुर्चीत होती. तिने माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. ‘कुठं चाललेय ते मलापण सांगा. तयारी करायला बरं.’

लोक हसले, पण कोणी उठले नाही. ताईने सगळ्यांना चहा दिला. प्रत्येकाला तिने तेच सांगितले: परवा जाणार, एक रात्र राहणार, दुसऱ्या दिवशीच्या गाडीने येणार. पीठ आणि उडीद तिने ठेवून घेतले. परत आल्यावर लागतील म्हणाली.

ते गेल्यावर शेजारीण चूल पेटवायला आत गेली. दिवे लागायची वेळ होती. ताई म्हणाली, ‘तुझी खोली रिकामी आहे म्हणून मी यायचं का?’

‘हो,’ मी म्हटले. ‘मी एकटी असते ताई. आई गेल्यापासून घरात दुसरं माणूस नाही.’

हे मी तिला पहिल्यांदाच सांगत होते. तिने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

‘मग तू इथं राहा.’

‘इथे मला काही काम नाही.’

‘मला तिथं असेल का?’

आतून शेजारणीने विचारले की भाकरी किती टाकू. ताईने सांगितले, ‘नेहमीच्याच.’

तपासणीला आम्ही पहिल्या गाडीने गेलो. पुढची जागा राखलेली होती. ताईने ती एका लेकुरवाळीला दिली आणि मी रुमाल टाकून धरलेल्या सीटवर बसली. बोरगावच्या घाटात तिने डोळे मिटले. वणीला मी तिला चहा आणून दिला. डॉक्टरांनी नवा एक्स-रे पाहिला, तिला काठीशिवाय चालायला लावले, आणि आता तीन महिन्यांनी या म्हणाले.

माझ्या घरी ती दुपारी जेवली. बाथरूममधून बाहेर आल्यावर म्हणाली, ‘दांडी घट्ट बसवलीय. कधी केलीस?’

‘डिसेंबरात.’

संध्याकाळी आम्ही बाल्कनीत बसलो. द्वारकेचा चौक तिथून दिसत नाही, पण ऐकू येतो. तिने विचारले की हा आवाज कधी थांबतो. मी सांगितले, थांबत नाही. ती आईच्या खोलीत झोपली. सकाळी मी गेले तेव्हा तिने अंथरुणाची घडी घालून ठेवली होती आणि साडी नेसून तयार होती.

निघण्यापूर्वी तिने भाच्याला फोन लावून सांगितले की ती घरी जात आहे. मग फोन माझ्याकडे दिला. ‘मावशी?’ तो म्हणाला. मी सांगितले की तपासणी ठीक झाली आणि ताई निघते आहे. मीही जाणार का, असे त्याने विचारले. मी नाही म्हटले.

नाशिकच्या स्टँडवर सुरगाण्याच्या गाडीला खूप गर्दी होती. गाडी फलाटाकडे वळत असताना मी बाजूने चालत गेले आणि तिसऱ्या खिडकीतून रुमाल टाकला. तो सीटच्या मधोमध पडला. एक तरुण माणूस तिथे पोचला, त्याने रुमाल पाहिला आणि पुढे गेला. कंडक्टरने ताईची काठी आधी आत घेतली, मग तिला हात दिला. बसल्यावर तिने रुमाल झटकून घडी केली आणि खिडकीतून माझ्यापुढे धरला.

‘राहू दे,’ मी म्हटले. ‘बोरगावला गाडी थांबली की खाली उतरू नकोस. चहा खिडकीतच माग.’

‘बरं,’ ती म्हणाली. ‘तू जा आता. ऊन आहे.’

गाडी सुटेपर्यंत मी फलाटावर होते.

संध्याकाळी शेजारणीचा फोन आला. ती टाकीच्या पायरीवरून बोलत होती, वाऱ्याचा आवाज येत होता. बाई पोचल्या, जेवल्या, ओट्यावर बसल्या आहेत, असे तिने सांगितले. कोणी आले आहे का, असे मी विचारले. चौघे जण आले आहेत, असे ती म्हणाली.